मॅसिडोनियाचा फिलिप दुसरा: मोडकळीला आलेलं राज्य त्याने उभं केलं ते कसं?

चिलखत

सिकंदरावर मराठीत हवं तेवढं वाचायला मिळतं. त्याच्या बापाची ओळख मात्र "एका डोळ्याचा, दारूबाज, सात बायकांचा दादला" इथवरच येऊन थांबते. सिकंदर आशियात उतरला तेव्हा त्याच्या हाताशी असलेलं सैन्य, पार्मेनियनसारखे मुरलेले सेनापती आणि पाठीमागे ग्रीस गप्प ठेवणारा करार, हे सगळं फिलिपने इ.स.पू. ३५९ ते ३३६ या काळात जमवलेलं होतं. म्हणून हा धागा. पहिल्या वर्षापासून सुरुवात करतो, कारण सगळा माणूस तिथेच दिसतो.

फिलिपचा थोरला भाऊ, मॅसिडोनियाचा राजा तिसरा पर्डिक्कस, इलिरियन राजा बार्डिलिसवर चालून गेला आणि ४,००० माणसांसकट कापला गेला. त्याचा मुलगा अमिन्टास अजून लहान. फिलिप विशीतला, तेविशीच्या आसपास. पश्चिमेला बार्डिलिस पुढच्या स्वारीच्या तयारीत. उत्तरेकडून पायोनियन टोळ्यांची लुटालूट सुरू. पूर्वेला थ्रेसच्या राजाने पॉसेनियस नावाचा एक दावेदार पदरी बाळगलेला. दक्षिणेला अथेन्सने अर्गायस नावाचा दुसरा दावेदार पुढे केलेला, सोबत ३,००० हॉप्लाइट (मोठी ढाल आणि भाला घेतलेलं ग्रीक पायदळ) आणि आरमार. आणि घरात तीन सावत्र भाऊ.

फिलिपने आधी क्रम लावला. पैशाने जो थांबेल त्याच्याशी आत्ता लढायचं नाही. पायोनियनांचे आणि थ्रेसच्या राजाचे हात ओले केले. अथेन्सचा जीव अडकला होता अ‍ॅम्फिपोलिसमध्ये, म्हणून तिथली मॅसिडोनियन शिबंदी काढून घेतली आणि शहर स्वतंत्र असल्याचं जाहीर करून टाकलं. अथेन्सचा सेनापती मँटियस मग मेथोनीतच थांबला आणि अर्गायसला भाडोत्री सैनिकांबरोबर ऐगाईला धाडलं. जुन्या राजधानीतल्या लोकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर फिलिपने त्याला गाठून मोडलं. हाती लागलेल्या अथेन्सकरांना खंडणी न घेता सोडलं आणि पाठोपाठ तहाचं बोलणं लावलं. सावत्र भावांपैकी आर्केलाओस मारला गेला. दोघे ओलिन्थसला पळाले. ३४८ मध्ये ते शहर पडलं तेव्हा त्यांचाही निकाल लागला.

बार्डिलिसचा हिशेब ३५८ मध्ये चुकता केला: १०,००० पायदळ, ६०० घोडेस्वार. बार्डिलिसने "ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याचं" असा तह पुढे केला. फिलिपने गेलेली सगळी गावं परत मागितली. लढाईत इलिरियनांनी चौकोन बांधला. फिलिप निवडक पायदळ घेऊन स्वतः उजव्या बगलेवर उभा राहिला, तिथून शत्रूची डावी बाजू दाबली आणि घोडदळ बगलेवरून पाठीवर घातलं. जुना ग्रीक इतिहासकार डायोडोरस ७,००० इलिरियन मेले म्हणतो. आकडा फुगवलेला वाटतो, पण सरहद्द लिक्निटिस तळ्यापर्यंत, म्हणजे आजच्या ओहरिडपर्यंत सरकली.

वर्षभरापूर्वी ४,००० माणसं गमावलेलं सैन्य इतक्यात असं कसं झालं? जाणकारांनी लिहावं.

अळूवडी

मस्त सुरुवात. तो लांब भाला, सारिसा, फिलिपनेच काढला ना? की थीब्समध्ये ओलीस होता तेव्हा पाहून आला?

खापरखोद

थीब्सचं श्रेय जरा जास्त दिलं जातं. साधारण ३६८ ते ३६५ फिलिप तिथे ओलीस होता, पॅमेनिस नावाच्या सेनानीच्या घरी. थीब्सचे सेनापती इपॅमिनॉन्डास आणि पेलोपिडास तेव्हा ऐन भरात होते. ल्युक्ट्राला ३७१ मध्ये स्पार्टाचं कंबरडं मोडून झालं होतं. तिरकी चाल, म्हणजे एक बगल जड करून तिनेच आधी भिडायचं, ही तिथलीच शिकवण, आणि बार्डिलिसविरुद्ध ती दिसतेही. सारिसा मात्र थीब्सकडे नव्हती.

आता लांबी. थिओफ्रास्टस सर्वांत लांब सारिसा १२ हातांची म्हणतो. हात ४५ सेंमीचा धरला तर साडेपाच मीटरच्या आत-बाहेर. पुढे पॉलिबियसच्या काळात ती १४ हातांवर गेली. बरेच लेखक हे दोन आकडे सरमिसळ करतात आणि फिलिपच्या शिपायाच्या हातात साडेसहा मीटरचा बांबू देतात.

ऐगाई म्हणजे आजचं वर्जिना. तिथे पुरातत्त्वज्ञ आंद्रोनिकोसला एक मोठं लोखंडी पातं मिळालं, ५१ सेंमी लांब आणि सव्वा किलोच्या जवळ. बुडाचा खिळा ४४.५ सेंमी, साधारण एक किलो. सोबत १७ सेंमीची लोखंडी नळी. हे सगळं एकाच सारिसाचं मानलं तर दांड्यासह वजन साडेसहा किलोंपर्यंत जातं. नळी दोन तुकडे जोडायची असावी, म्हणजे कूच करताना भाला सुटा आणि मैदानात अखंड, असा आंद्रोनिकोसचा तर्क. त्यावर आक्षेप असा की सांधा नेमका सर्वाधिक ताणाच्या जागी येतो. शिवाय ते जड पातं सारिसाचं नसावं, टोकाला हलकं पातं असावं असंही काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल आणि दांडा टोकाकडे निमुळता केला असेल, तर वजन चार-साडेचार किलोंवर येतं आणि तोल मागे सरकतो. साडेपाच मीटरच्या काठीत वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. टोक जड झालं की ते खाली झुकतं आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात.

लाकडाचीही एक गंमत. "सारिसा कॉर्नेलच्या लाकडाची" हे सगळीकडे छापलेलं असतं. थिओफ्रास्टस एवढंच म्हणतो की नर-कॉर्नेलचं झाड फार तर १२ हात उंच होतं, सर्वांत लांब सारिसाएवढं. भाले त्याचेच करत, असं त्या वाक्यात नाही. कॉर्नेल चिवट असतं, पण एवढा सरळ, बिनगाठीचा, लांब दांडा त्यातून क्वचितच निघेल. ॲश जास्त पटतं.

चिलखत

आणि हा भाला दोन्ही हातांनी धरायचा, म्हणजे हॉप्लाइटची मोठी ढाल गेलीच. नंतरच्या ग्रंथांत आठ वितींची, कमी खोलगट, काशाची ढाल येते, ६० सेंमीच्या आसपास व्यासाची.

खापरखोद

विती नव्हे, मुठी. आठ विती म्हणजे दीड मीटरच्या वर जाईल. ग्रीक मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, साडेसात सेंमी. आठ मुठी म्हणजे तुम्ही म्हणता ते ६० सेंमी. ती गळ्यातल्या पट्ट्याने डाव्या खांद्यावर टांगायची, त्यामुळे डावा पंजाही मोकळा राहतो.

टोकांचा हिशेब पॉलिबियस देतो. १४ हातांपैकी मागचे ४ हात दोन्ही पंजांची पकड आणि तोल यांत जातात, पुढे १० उरतात. माणसामागे माणूस २ हातांवर. म्हणजे पहिल्या शिपायापुढे टोकं येतात १०, ८, ६, ४ आणि २ हातांवर, एकूण पाच. फिलिपच्या १२ हाती भाल्याला हेच गणित लावलं तर चार. समोरच्या हॉप्लाइटचा भाला अडीच मीटरचा आणि एका हातातला. त्याला पहिल्या मॅसिडोनियनपर्यंत पोचायलाच चार टोकं चुकवून आत शिरावं लागणार.

अळूवडी

मग अथेन्स, थीब्स वगैरेंनी नक्कल का नाही केली? काठीच तर लांब करायची.

चिलखत

काठी लांब करणं सोपं, ती धरणारा माणूस बाराही महिने हाताशी ठेवणं अवघड. हॉप्लाइट म्हणजे शेतकरी-नागरिक: स्वतःचं चिलखत, स्वतःची ढाल, चार-पाच महिने उन्हाळी मोहीम, मग घरी. सारिसावाला एकटा असला तर निरुपयोगी. वळता येत नाही, बगल उघडी पडते, जमीन खाचखळग्यांची असली की फळीत भगदाड पडतं आणि आत शिरलेल्या माणसाला थोपवायला हातात काही नसतं. म्हणून रोजची कवायत लागते, आणि रोजच्या कवायतीला रोजचा पगार.

अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याची तक्रार नेमकी हीच: फिलिपला उन्हाळा-हिवाळा सारखाच. आणखी एक बारकावा तोच सांगतो. ऐन उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेचे एटेसियन वारे सुटतात आणि अथेन्सची जहाजं उत्तरेला सरकत नाहीत. हिवाळ्यात तर समुद्रच बंद. फिलिप हेच दोन मोसम धरून वेढा घालायचा. पोटिडिया, मेथोनी, पॅगासाई, प्रत्येक ठिकाणी अथेन्सची मदत निघाली ती उशिरा. ठराव झाला, पैसे मंजूर झाले, जहाजाचा खर्च कोणी करायचा यावर वाद झाला, तोवर गाव पडलेलं.

रात्रपाळी

कुचाबद्दल दोन आकडे. पॉलियायनस म्हणतो की शिरस्त्राण, ढाल, पोटऱ्यांची कवचं, सारिसा, शिधा आणि भांडीकुंडी घेऊन फिलिप माणसांना ३०० स्टेडिया चालवायचा, म्हणजे ५५ किलोमीटर. फ्रॉन्टिनस म्हणतो की गाड्यांना बंदी, घोडेस्वारामागे एकच नोकर, पायदळात दहांमागे एक, तोही जाती आणि दोर वाहायला. मोहीम निघाली की ३० दिवसांचं पीठ ज्याचं त्याच्या पाठीवर.

बैलगाडी गेली की सैन्याचा वेग बैलाचा राहत नाही, हे खरं. पण ३० दिवसांचं गणित करा. दिवसाचा शिधा एक खॉइनिक्स, गव्हात साधारण ८४० ग्रॅम. तीस दिवसांचे २५ किलो. वर सारिसा, ढाल, शिरस्त्राण, पाणी. चाळिशीच्या घरात ओझं आणि दिवसाला ५५ किलोमीटर? दोन्ही एकत्र शक्य नाही. माझ्या मते ३० दिवस ही निघतानाची कमाल आणि ५५ किलोमीटर ही कवायतीतली कसोटी. नंतरच्या लेखकांनी दोन्ही चिकटवून दिलं.

बोरूबहाद्दर

फिलिप कुठे हरला हेही येऊ द्या. नाहीतर चरित्राची आरती होते.

चिलखत

पहिला मोठा मार ३५३ मध्ये, थेसलीत. डेल्फीच्या अपोलो देवळाचा खजिना बळकावून भाडोत्री उभे करणाऱ्या फोकिसचा ओनोमार्कस समोर होता. त्याने चंद्रकोरीसारख्या डोंगराच्या दोन्ही शिखरांवर दगडफेकी यंत्रं दडवली आणि लुटुपुटूची माघार घेत फिलिपला पोटात ओढलं. वरून दगड सुरू झाले. घट्ट उभ्या फळीला दगड चुकवायला जागाच नसते. रांगा विस्कटल्या, आणि सैन्य बंडाच्या काठावर गेलं. मेंढा मागे सरतो तो जोराने टक्कर मारायला, असं फिलिप म्हणाल्याचं सांगतात.

पुढच्याच वर्षी क्रोकसच्या मैदानात त्याने टक्कर मारली: २०,००० वर पायदळ, ३,००० घोडदळ. जागा सपाट निवडली. शिपायांच्या डोक्यावर अपोलोच्या लॉरेलची पानं, म्हणजे हे युद्ध देवाचं. फोकिसचे ६,००० वर पडले, ३,००० कैदी देवळाचे चोर ठरवून समुद्रात बुडवले, ओनोमार्कसचं प्रेत टांगलं. थेसलीचं नेतृत्व पदरात पडलं आणि त्याबरोबर ग्रीसमधलं सर्वांत चांगलं घोडदळ. मग थर्मोपिलीकडे वळला तर खिंडीत अथेन्सकर आधीच हजर. या एकदा ते वेळेवर पोचले. फिलिप न लढता परत फिरला आणि सहा वर्षांनी, ३४६ मध्ये, वाटाघाटींनी तीच खिंड मिळवली.

खापरखोद

खरं अपयश ३४० चं, पेरिन्थस आणि बायझँटियम. ३०,००० माणसं, पॉलिडोस हा थेसलीचा यंत्रतज्ज्ञ, ८० हात उंच मनोरे (३६ मीटर!), धडका मारणारे मेंढे, तटाखालून सुरुंग. तट पडलाही. तरी पेरिन्थस पडलं नाही, कारण त्याची ठेवणच तशी होती. समुद्रात घुसलेला सुळका, जमिनीशी जोडणारी मान जेमतेम एका स्टेडियमची, म्हणजे १८५ मीटर. त्यामुळे ३०,००० माणसं असली तरी एका वेळी भिडणार थोडीच. घरं एकमेकांना खेटून, नाट्यगृहाच्या पायऱ्यांसारखी वर चढत गेलेली. बाहेरचा तट कोसळला की लोक मागच्या घरांच्या ओळीतल्या गल्ल्या बुजवत आणि नवा तट तयार. फिलिपला दर वेळी तेच काम पुन्हा, आधीपेक्षा उंचावर.

वेढा पूर्ण बसायला समुद्र बंद करावा लागतो, आणि त्याचं आरमार तोकडं होतं. बायझँटियमहून माणसं आणि यंत्रं आली, इराणच्या क्षत्रपांनी पैसा, धान्य, भाडोत्री पाठवले. मग त्याने अर्धी फौज उचलून बायझँटियमलाच वेढा घातला, आणि हाती एकही लागलं नाही.

बोरूबहाद्दर

त्याच सुमारास त्याने बॉस्पोरसच्या तोंडाशी धान्याची जहाजं धरली. फिलोखोरस २३० म्हणतो. जहाजांचं लाकूड वेढ्याच्या कामाला, माल विकून पैसा. अथेन्सने शांततेच्या कराराचा दगडी खांब फोडला तो यावरून. काळ्या समुद्राचा गहू बंद झाला तर अथेन्स उपाशी, हे फिलिपने नेमकं हेरलं होतं.

चिलखत

पुढच्या स्किथियन मोहिमेवरून परतताना ट्रिबाल्ली टोळीने तिथली सगळी लूट हिसकावली आणि त्याच्या मांडीत भाला घातला, हेही जोडा. डेमॉस्थेनिसनेच, म्हणजे हाडवैऱ्याने, त्याच्या जखमांची जंत्री दिली आहे: डोळा गेला, गळपट्टीचं हाड मोडलं, हात आणि पाय अधू. डोळा मेथोनीच्या वेढ्यात बाणाने गेला. तो बाण काढून चेहरा फारसा विद्रूप होऊ न देणारा वैद्य क्रिटोबुलस, त्याचं नाव प्लिनी मुद्दाम नोंदवतो.

अळूवडी

आणि सात बायका?

बोरूबहाद्दर

सॅटिरसची यादी अशी: इलिरियाची ऑडाटा, एलिमियाची फिला, थेसलीच्या निकेसिपोलिस आणि फिलिना, एपिरसची ऑलिंपियस, गेटाई टोळीची मेडा, शेवटी मॅसिडोनियाचीच क्लिओपात्रा. पहिल्या सहांची माहेरं नकाशावर टिंबांनी दाखवा, राज्याची हद्द आपोआप उमटते. सातवं लग्न देशी सरदारघराण्यातलं, आणि नेमकं त्यानेच घरात आग लावली. मेजवानीत नवरीचा चुलता अटालस "आता औरस वारस येऊ दे" म्हणाला, सिकंदराने पेला फेकून मारला आणि आईला घेऊन निघून गेला.

रात्रपाळी

अथेन्स आणि थीब्सविरुद्धच्या खायरोनियाच्या लढाईवर कोणी लिहिलं नाही अजून. ३३८, ऑगस्ट. फिलिपचे ३०,००० वर पायदळ आणि २,००० घोडदळ. पॉलियायनसच्या म्हणण्याप्रमाणे अथेन्सकर आवेशाने तुटून पडले; फिलिप फळी न मोडता पावलापावलाने मागे सरकत चढावर गेला. तो मागे जातोय म्हणून ते आरडाओरडा करत धावले, धावताना रांग सुटली, दम गेला. मग त्याने चढावरून उलट दाब दिला. अथेन्सचे १,००० वर मेले, २,००० पकडले गेले.

अवघड गोष्ट मागे सरकण्याची आहे. साडेपाच मीटरचे भाले समोर रोखून, समोर शत्रू असताना, पाठीमागे न बघता शेकडो माणसांनी एका लयीत पाऊल मागे टाकायचं. एक अडखळला की मागचे चार पडतात. म्हणून वीस वर्षांची कवायत.

खापरखोद

आणि थीब्सच्या बाजूला "१८ वर्षांच्या सिकंदराने घोडदळ घालून पवित्र पथक कापलं" (म्हणजे थीब्सचे निवडक शिपाई) हे चित्र मूळ साधनांत तसं नाही. प्लुटार्क एवढंच म्हणतो की पथकावर पहिला तो तुटून पडला. घोड्यावर होता की पायी, हे कुठेच नाही. भाल्यांच्या अभंग फळीवर घोडा जात नाही. आधी भगदाड लागतं, मग पाचर घुसते. ही पाचरीची रचना फिलिपने थ्रेसकडून उचलली, थ्रेसने स्किथियनांकडून. टोकाला नायक, त्यामुळे वळताना सगळे एकाच माणसाकडे बघतात आणि अरुंद फटीतही शिरता येतं.

खायरोनियाच्या दगडी सिंहाखाली २५४ सांगाडे मिळाले, सात रांगांत मांडलेले. पथक ३०० चं होतं.

अळूवडी

वर्जिनाचं थडगं नक्की फिलिपचं का? १९७७ पासून वाद ऐकतोय.

खापरखोद

थोडक्यात सांगतो. आंद्रोनिकोसने १९७७ मध्ये उघडलेलं दुसरं थडगं लुटलेलं नव्हतं: सोन्याची पेटी, जळलेल्या अस्थी, ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट. वादाचे उमेदवार दोन, फिलिप दुसरा किंवा त्याचा मुलगा अरिडायस (तिसरा फिलिप). २०१५ मध्ये वेगळाच दावा आला की फिलिप शेजारच्या पहिल्या थडग्यात आहे, कारण तिथल्या पुरुषाचा गुडघा आखडलेला आणि त्यात भोक. २०२५ च्या कार्बन मापनाने तो दावा कमजोर केला: तो माणूस २५ ते ३५ वर्षांचा आणि इ.स.पू. ३५६ च्या आतच मेलेला निघाला. फिलिप गेला ४६ व्या वर्षी, ३३६ मध्ये, त्याच ऐगाईच्या नाट्यगृहात. मुलीच्या लग्नाचा सोहळा, मिरवणुकीत बारा देवांच्या मूर्ती आणि तेरावी स्वतःची. पहारेकऱ्यांना मुद्दाम लांब ठेवलेलं. अंगरक्षक पॉसेनियसने (दावेदार पॉसेनियस वेगळा) बरगडीत सुरी खुपसली, घोड्यांकडे पळाला, वेलीत पाय अडकून पडला आणि तिथेच मारला गेला.

मी दुसऱ्या थडग्याच्या बाजूने आहे.

नाणेवाला

सगळे भाल्यांवर बोलताय, पैशाचं कोणीच काढलं नाही. ३५६ मध्ये क्रेनिडिस हाती आलं, त्याला त्याने स्वतःचं नाव दिलं: फिलिप्पी. तिथल्या खाणी वाढवून वर्षाला १,००० टॅलेंटवर उत्पन्न नेलं असं डायोडोरस सांगतो. अ‍ॅटिक टॅलेंट म्हणजे २६ किलो चांदी, म्हणजे वर्षाला २६ टनांची किंमत. चांदीचा टेट्राड्राख्म १४.४ ग्रॅमचा, एका बाजूला झ्यूस, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. सोन्याचा स्टेटर ८.६ ग्रॅमचा, अपोलो आणि दोन घोड्यांचा रथ. हा स्टेटर भाडोत्र्यांच्या कमरेतून इतका लांब गेला की गॉलमधल्या केल्ट टोळ्यांनी त्याच्या नकला पाडल्या. नक्कल होत होत शेवटी रथाचं चाक आणि घोड्याचे पाय तेवढे ओळखू येतात.

आता खर्च. माणशी रोज एक द्राख्मा धरा. ६,००० द्राख्मांचा एक टॅलेंट. १०,००० माणसांना महिन्याला ५० टॅलेंट, वर्षाला ६००. ही झाली फक्त १०,००० माणसं, आणि सिकंदर निघाला तेव्हा मॅसिडोनियन पायदळच २४,००० होतं, निम्मं घरी, निम्मं आशियात. वर घोडदळ, भाडोत्री, यंत्रं, आरमार, शिवाय शहराशहरांत पोसलेले फितूर. सोन्याने लादलेलं गाढव ज्या किल्ल्यात शिरू शकतं तो घेता येतो, हे वाक्य त्याच्या नावावर खपतं. ओलिन्थसचे दोन घोडदळ-नायक, युथिक्रेटिस आणि लास्थेनिस, हे त्या गाढवाचं ठळक उदाहरण.

बोरूबहाद्दर

म्हणजे खजिना भरलेला ठेवून गेला की रिकामा?

नाणेवाला

एरियनने सिकंदराच्या तोंडी जे भाषण घातलंय त्यात हिशेब आहे: खजिन्यात ६० टॅलेंटसुद्धा नाहीत आणि डोक्यावर ५०० टॅलेंट कर्ज. भाषणात आकडे वाकवले असतील, पण वरचं गणित पाहता अशक्य वाटत नाही. ३३६ च्या वसंतात पार्मेनियन आणि अटालसबरोबर १०,००० माणसं आशियात उतरली ती याच हिशेबाने. ३३७ मध्ये कॉरिंथला ग्रीकांचा संघ बांधून झाला होता, ग्रीसमध्ये लुटायला काही उरलं नव्हतं, आणि एवढी फौज घरी बसवून ठेवली असती तर पगार तुंबला असता.